नागलीसाठी धरलेलं मौन

काशिनाथकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या दुकानाच्या काउंटरपलीकडे. डहाणूत स्टेशनकडून समुद्राकडे जाताना डाव्या हाताला आमचं मेडिकल आहे. फार्मसीची परीक्षा नुकतीच पास झाले होते आणि वडिलांनी मला गल्ल्यावर बसवून स्वतः दुपारची झोप सुरू केली होती. पांढरा सदरा, पायात टायरच्या चपला, कापलेल्या मिशा आणि पाठ अशी ताठ की जणू कोणी मागून सलाम ठोकणार आहे, असे एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "एप्सम सॉल्ट किती आहे?"

"किती पाहिजे?"

"आहे तेवढं द्या. आणि क्रेप बँडेज बारा, कापसाचे मोठे रोल आठ."

मी घाबरले. "काका, घरात काय झालंय?"

"मुलीचा पाय सुजलाय."

"डॉक्टरांना दाखवलंत का? एवढं मीठ कशाला? वय किती तिचं, वजन किती?"

"वय दहा," काका अगदी गंभीरपणे म्हणाले, "वजन साडेचारशे किलो."

माझा स्वभाव मुळात तापट. मला वाटलं, हे म्हातारे माझी चेष्टा करताहेत. मी म्हटलं, "मग तिला आधी जेवायला कमी द्या." त्यावर काका इतके हसले की आत झोपलेले माझे वडील उठून बाहेर आले. ही मुलगी म्हणजे घोडी आहे, तिचं नाव नागली, आणि ती उधव्याला राहते, हे मला तेव्हा कळलं. दुकानात होतं तेवढं मीठ कमी पडलं, म्हणून दोन दिवसांनी उरलेलं घेऊन मीच स्कूटीवरून उधव्याला गेले. मीठ पोचवायला म्हणून गेलेली मी त्यानंतर अकरा वर्षं तिथेच जात राहिले, असं म्हटलं तरी चालेल. काकांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी चार शब्द लिहा, असा समितीचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. चार शब्दांत काकांबद्दल काय लिहिणार, हा विचार फोन ठेवल्यावर सुचला.

काकांना जवळून न ओळखणाऱ्या वाचकांसाठी थोडं सांगते. काकांचा जन्म सायवनचा. घरची शेती भाताची आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, डोंगरउताराची. अंगात उंची आणि छातीत हवा होती म्हणून सैन्यात घेतले गेले, आणि तिथे घोड्यांच्या तुकडीत गेले. दफेदार म्हणून निवृत्त झाले. पुढे काही वर्षं पुण्याकडे एका रायडिंग स्कूलमध्ये शिकवलं. तिथून माणसं फ्लॅट घेऊन शहरात स्थिरावतात. काकांनी उधव्याला पत्नी मथुराकाकूंच्या माहेरची पडीक जागा कसली, चिकूची झाडं लावली आणि झाडांच्या कडेला बांबूच्या कुडाचा तीन घोड्यांचा तबेला बांधला. आपल्या भागात घोडा दिसतो तो समुद्रावर नाहीतर वरातीत. काका घोड्याला रोज मालिश करतात, त्याच्या पायांवर पाणी सोडतात आणि त्याला भाताच्या बांधांवरून उड्या मारायला शिकवतात, हे पाहून गावातल्या एका आजोबांनी विचारलं होतं, "काशिनाथ, मग हा काम काय करतो?" काका म्हणाले, "हेच याचं काम." आजोबांना ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही, पण कापणी झाल्यावर आपल्या बांधावरून घोडी नेऊ देतात.

नागली रेसकोर्सवरून निवृत्त झालेली घोडी. कागदावर तिचं चार शब्दांचं इंग्रजी नाव आहे, पण भाजलेल्या नागलीच्या भाकरीसारखा तिचा रंग पाहून काकूंनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं केलं. शर्यतीचे घोडे पाय बिघडले की कुठे कुठे जातात, ते इथे लिहीत नाही. काकांनी त्यांच्या ओळखीच्या ट्रेनरना चिकूच्या दोन पेट्या भेट दिल्या आणि घोडी घेऊन आले. तिला ते इव्हेंटिंगसाठी तयार करत होते. इव्हेंटिंग म्हणजे एका घोड्याची आणि एका स्वाराची तीन दिवसांची परीक्षा. पहिल्या दिवशी ड्रेसाज, म्हणजे आखलेल्या चौकोनात शांतपणे ठरलेल्या चाली करून दाखवायच्या. दुसऱ्या दिवशी क्रॉस-कंट्री, म्हणजे माळावरून, ओंडक्यांवरून, चरांवरून, पाण्यातून वेगात जायचं. तिसऱ्या दिवशी मैदानात रंगीत दांड्यांवरून उड्या. एक दिवस अंग आवरून शांत राहायचं, दुसऱ्या दिवशी जीव खाऊन पळायचं आणि तिसऱ्या दिवशी दमलेलं असताना नीट वागायचं. काकू म्हणायच्या, "म्हणजे संसारच की!"

मी शिकायला आले तेव्हा काकांनी मला पहिले चार महिने घोडीवर बसू दिलं नाही. खरारा, लीद काढणं, खूर साफ करणं, चंदी भिजवणं. मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, मी फार्मासिस्ट आहे." काका म्हणाले, "उत्तम. मग लीद बघून सांग, तिचं पोट कसं आहे." माझ्या वडिलांचा या सगळ्याला कडकडीत विरोध होता. काका एका रविवारी आमच्या घरी आले, तासभर बसले, चिकूच्या किडीबद्दल बोलले, वडिलांच्या शुगरची चौकशी केली, घोड्याचं नाव काढलं नाही. निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "भाऊ, मी तिला बसायला नंतर शिकवतो. आधी पडायला शिकवतो." दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा वडील म्हणाले, "हेल्मेट घे."

काकांच्या कामाची पद्धत मी इतरत्र कुठे पाहिली नाही. ओहोटीची वेळ पाहून ते घोडी ट्रकमधून डहाणूच्या किनाऱ्यावर आणायचे, आणि ओल्या घट्ट वाळूवर आधी तासभर चाल, मग दुडकी, आणि पळवणं अगदी शेवटी थोडंसं. डहाणूतल्या फुग्यांच्या कारखान्यातून टाकाऊ फुगे आणून तबेल्याभोवती बांधायचे, म्हणजे स्पर्धेत झेंडे फडफडले तर घोडी बुजायला नको. पण त्यांची खरी पद्धत म्हणजे बोलणं. ते घोडीशी अखंड बोलत. लहानपणी सायवनला वडिलांबरोबर नांगर धरताना बैलांशी जसं बोलत, तसंच. थांबायला "होऽऽ", निघायला जिभेचं "च्यक", वळायला, हळू व्हायला, धीर धरायला, सगळ्याला एक एक आवाज. आणि या सगळ्यावर एक शब्द होता, "बाय". आपल्याकडे लेकीला बाय म्हणतात. "चल गं बाय", "हळू गं बाय", "नको घाबरू, बाय". काका मलाही बायच म्हणायचे. त्यामुळे "बाय, मान खाली" असं ऐकल्यावर कितीतरी वेळा घोडीच्या आधी मीच मान खाली घातली आहे. नागली त्या शब्दावर काहीही करायची. डोळे मिटून चरात उतर म्हटलं असतं तर उतरली असती.

दोन वर्षांनी काकांनी मला पहिल्या मोठ्या स्पर्धेला नेलं. आणि तिथे आम्ही अशी चूक केली की ती फक्त उधव्याचीच माणसं करू शकतील.

ड्रेसाजच्या चौकोनात स्वाराने तोंडातून आवाज काढायचा नसतो. पायाने, बैठकीने, लगामाने काय सांगायचं ते सांगायचं. बोललात की दर वेळी गुण कापतात. हा नियम काकांना माहीत होता, मलाही माहीत होता. पण आम्ही दोघं असं धरून चाललो होतो की मी रोज बसतेच आहे, तर घोडी माझ्या पायाचंही ऐकत असणार. चौकोनात शिरले, आणि लक्षात आलं की ही घोडी पायाचं काही ऐकत नाही. दोन वर्षं मी पाय लावत होते तेव्हा कुंपणाशी उभे राहून काका "चल गं बाय" म्हणत होते, आणि ती त्यांच्यासाठी चालत होती. आता काका दूर प्रेक्षकांत. नागली चौकोनाच्या मधोमध उभी राहिली आणि कान टवकारून आवाजाची वाट बघू लागली. मी पाय लावले. ढिम्म. घंटा झालेली, परीक्षक बघताहेत, माझ्या पाठीवरून घाम ओघळतोय. शेवटी मी ओठ न हलवता म्हटलं, "चल गं बाय." ती चालली. पुढे प्रत्येक वळणावर "बाय", प्रत्येक थांब्याला "होऽऽ". सगळ्यांत शेवटचा नंबर आला. बाहेर पडताना परीक्षक साहेबांनी मला बोलावून अगदी प्रेमाने विचारलं, "मॅडम, आप घोड़ी को बार बार बाय बाय क्यों बोल रही थीं? कहीं जा रही थी क्या वो?"

आज हसू येतं. त्या दिवशी मी परतीच्या ट्रकमध्ये, काकांसमोर, नको ते बोलले. म्हटलं, "तुम्ही घोडी नाही तयार केलीत, तुम्ही तुमचा आवाज तयार केलात! मी तिच्या पाठीवरचं पोतं आहे नुसतं." काकांनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, दटावतील. दटावलं असतं तर बरं झालं असतं. तलासरीचा फाटा आला तेव्हा एवढंच म्हणाले, "खरं आहे. ती माझं ऐकते, तुझं ऐकत नाही. चूक माझी आहे." नागलीचं वय तेव्हा तेरा. पुढचा एक हंगाम सोडला तर तिच्याकडून एवढं अवघड काम करून घेणं बरं नाही, असं काकांनी आधीच ठरवलं होतं. त्या एका हंगामात पात्रता मिळाली तर राष्ट्रीय स्पर्धा, नाहीतर संपलं. माझी आशा त्या घोडीवर होती, दुसरा घोडा आमच्याकडे त्या तयारीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उधव्याला गेले तर काका बांबूच्या फाटकाशी उभे. मी फाटक उघडलं, तसा त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मला रस्त्यापर्यंत मागे नेलं आणि तिथे हळू आवाजात म्हणाले, "आजपासून तिच्या कानावर माझा आवाज पडणार नाही. फाटकाच्या आत मी मुका. तूही बोलायचं नाहीस. जे सांगायचं ते तिच्या पाठीवर बसून सांग."

"किती दिवस?"

"ती तुझं ऐकेपर्यंत."

हे मौन सात महिने चाललं. ज्यांनी काकांना बोलताना ऐकलंय त्यांनाच याचा अर्थ कळेल. घर तबेल्यापासून तीस पावलांवर, त्यामुळे घरातही बोलणं बंद. फोन आला की काका चप्पल घालून उधव्याच्या नाक्यापर्यंत जायचे. काकूंचा संताप बघण्यासारखा होता. मला म्हणाल्या, "चाळीस वर्षं आधी घोड्यांशी बोलले, उरलं तर माझ्याशी. आता तेही गेलं! भाजीत मीठ कमी आहे का, हे विचारलं तर हातवारे करतात." गावात वेगळीच चर्चा. कोणी म्हणे नवस बोललेत, कोणी म्हणे घशात काहीतरी निघालंय. नाक्यावरच्या चहावाल्यांनी मला थांबवून अर्ध्या गुजरातीत विचारलं, "काकाला सू थयू, बेन? दवाखान्यात दाखवा ना!" झरीहून एक बाई हळद आणि मध घेऊन आल्या. काकांनी हात जोडून दोन्ही घेतलं आणि फाटकाबाहेर जाऊन त्यांचे आभार मानले, तेव्हा त्या बाई भूत पाहिल्यासारख्या बघत राहिल्या.

घोडीचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. पहिले दोन दिवस तिने चंदीला तोंड लावलं नाही. काका तबेल्यात शिरले की ती खिंकाळायची, मग कान पुढे करून थांबायची, पुन्हा खिंकाळायची. काका काही न बोलता खरारा करत राहायचे. तिसऱ्या दिवशी तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ढकललं, असं की बोला ना. मी दारात उभी होते. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ घट्ट मिटलेले. माझ्याच्याने बघवेना. मी त्यांना हाताला धरून बाहेर रस्त्यावर नेलं आणि म्हटलं, "काका, बास झालं. नको मला ती पात्रता. तुम्ही बोला तिच्याशी." मी बोलले होते ते सगळं मला परत घ्यायचं होतं. काकांनी उपरण्याने तोंड पुसलं. "बाय, आपल्यालाच पुरतं असं शिकवलं तर ते शिकवणं नव्हे. मी उद्या नसलो तर ती कोणाचं ऐकेल?" एवढं बोलून परत आत गेले. मी स्कूटीवर बसून रडले आणि मग लीद काढायला गेले.

त्या सात महिन्यांत मला घोडी कळली. बोलता येईना, तेव्हा बसायला शिकले. माझा श्वास अडकला की ती अडकते, माझी नजर खाली गेली की ती मंदावते, हे सगळं तिच्या पाठीवरूनच समजलं. काका कुंपणाशी उभे राहून नुसते बघत. माझं चुकलं की स्वतःची पाठ ताठ करून दाखवत, म्हणजे मी माझी करायची. हळूहळू नागलीचा एक कान माझ्याकडे मागे वळू लागला. मग कधीतरी दोन्ही. घोड्याचा कान आपल्याकडे वळणं म्हणजे काय, ते ज्याने अनुभवलंय त्यालाच ठाऊक.

मधल्या काळात एक स्पर्धा आली होती. पात्रतेची पहिली संधी. निघायच्या चार दिवस आधी सकाळी काकांनी घोडीचे पाय चाचपले आणि माझ्याकडे पाहून नकाराची मान हलवली. मी भडकले. घोडी लंगडत नव्हती, सूज नव्हती, दुडकी एकदम साफ. मौन मोडून मी तबेल्यातच ओरडले, "काय झालंय तिला? दाखवा मला!" काका शांतपणे आले, माझा हात धरला आणि तिच्या पुढच्या डाव्या पायावर, नळीच्या मागच्या शिरेवर ठेवला. मग उजव्या पायावर. मला काही कळेना. त्यांनी पुन्हा डाव्यावर ठेवला, पुन्हा उजव्यावर. मी हात काढायला बघत होते, ते सोडत नव्हते. पाचव्या-सहाव्या वेळी मला कळलं. डावा पाय किंचित, अगदी किंचित, ऊन होता. आम्ही स्पर्धेतून नाव काढून घेतलं. मी दोन दिवस काकांशी अबोला धरला, म्हणजे तसाही अबोलाच होता, पण मी माझा वेगळा धरला. तिसऱ्या दिवशी तो पाय सुजला. त्या पायावर स्पर्धेत पळवली असती तर शीर कायमची गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी हे ऐकून माझ्याकडे बघूनसुद्धा न बघितल्यासारखं केलं, आणि पाण्याचा पाइप माझ्या हातात दिला. सकाळी वीस मिनिटं, दुपारी वीस, संध्याकाळी वीस, महिनाभर. आता माझ्या हाताखाली नवीन मुली शिकतात. मी त्यांना पाय बघायला डोळे मिटायला सांगते.

हंगामाची शेवटची स्पर्धा घाटावर होती. पाय बरा, घोडी तयार, आणि हीच एक संधी. ड्रेसाजला मी चौकोनात शिरले आणि साडेपाच मिनिटांत तोंडातून श्वासाशिवाय काही निघालं नाही. नागली माझ्या खाली अशी वळत होती की मला एकदा वाटलं, ही माझ्या मनातलं ऐकतेय. परीक्षक तेच साहेब होते. शेवटी सलाम करताना ते हसले.

दुसऱ्या दिवशी क्रॉस-कंट्री. इथे स्वार बोलू शकतो, पण बाहेरच्या कोणी मदत केली, नुसता आवाज दिला तरी स्वार बाद. आणि घोड्याने एकदा उडीला नकार दिला तर गुण जातात, पण पात्रता टिकते. दोनदा दिला तर पात्रता गेली. दहा अडथळे आम्ही पार केले. अकरावा पाण्याचा होता. उतारावरून खाली ओंडका, ओंडक्यावरून थेट पाण्यात. आणि तिथे, दोरीच्या पलीकडे, काका उभे होते. त्यांना सगळ्यांत जास्त काळजी याच अडथळ्याची होती म्हणून तिथे येऊन थांबले होते. आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही की घोडी त्यांना बघेल.

नागलीने बघितलं. ओंडक्यापाशी येऊन ती उभी राहिली, मान वळवली आणि काकांकडे कान केले. नकार धरला गेला. मी तिला फिरवून पुन्हा आणलं. भीतीने माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "चल गं बाय!" आणि तीच चूक झाली. तो शब्द माझा नव्हताच. शब्द ऐकताच तिने पुन्हा मान वळवून ज्यांचा शब्द होता त्यांच्याकडे पाहिलं. ओंडका अजून पंधरा पावलांवर, म्हणून हा दुसरा नकार धरला गेला नव्हता. मी काकांकडे पाहिलं. एक हाक पुरली असती, त्यांच्या एका हाकेवर ती विहिरीतही उतरली असती. आणि त्या हाकेने आम्ही बाद झालो असतो. काकांचे हात दोरीवर होते, मुठी आवळलेल्या.

काकांनी दोरी सोडली. आमच्याकडे पाठ केली आणि चालायला लागले. मागे वळून न बघता, गर्दीतून वाट काढत, लांब. मी त्या माणसाची पाठ वीस-पंचवीस पावलं पाहिली असेल. नागलीनेही पाहिली. मग तिचा एक कान हलला. मागे आला. मग दुसरा. मी काही बोलले नाही. पाठ ताठ केली, नजर पाण्यापलीकडच्या काठावर ठेवली आणि पाय लावले. तिने ओंडका घेतला. पाणी माझ्या तोंडावर उडालं आणि आम्ही पलीकडे होतो. काकांना ते दिसलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यांना कळलं, असं ते नंतर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दोन दांड्या पडल्या, तरी पात्रता मिळाली, अगदी काठावर. राष्ट्रीय स्पर्धेत आमचा नंबर काही सांगण्यासारखा आला नाही, आणि त्याचं दुःख मला तेव्हाही झालं नाही. घाटावरच्या त्या संध्याकाळी मी काकांना विचारलं होतं, "तुम्ही निघून का गेलात?" काका घोडीच्या पायांना मलम लावत होते. म्हणाले, "उभा राहिलो असतो तर बोललो असतो गं." मग मान वर करून मला विचारलं, "आता बोलू का तिच्याशी?" मला विचारलं, लक्षात घ्या! तिला ज्यांनी मरणाच्या दारातून आणलं, ते मला परवानगी मागत होते. मी होकाराची मान हलवली. आणि मग सात महिन्यांचं साठलेलं सगळं ते बोलत बसले, पावसाचं, चिकूचं, काकूंच्या रागाचं, झरीच्या हळदीचं. नागली डोळे मिटून ऐकत होती. मी बाजूला जाऊन उभी राहिले. त्या दोघांच्या मध्ये माझं काही काम नव्हतं.

आज नागली एकवीस वर्षांची आहे. चिकूच्या सावलीत असते, आणि काका दिवसभर तिच्याशी बोलत असतात. उधव्यात माझ्यासारख्या पाच जणी शिकताहेत. काकाही त्यांना शिकवतात, चुकल्यावर खुर्चीत बसल्या बसल्या पाठ ताठ करून दाखवतात. गुडघे दुखतात, रक्तदाब वाढतो, गोळ्या मी इथून पाठवते आणि ते घ्यायला विसरतात. विसरले की काकू मला फोन करतात आणि मी ओरडते. या ग्रंथाच्या निमित्ताने जाहीरपणे सांगते की काका, सकाळची गोळी नाश्त्यानंतर, आधी नाही.

समितीने सांगितलंय की लेखाच्या शेवटी शुभेच्छा द्याव्यात. मला मोठे शब्द येत नाहीत. काका, घोडीला आणि मला आपल्यावाचून चालता यावं म्हणून आपण सात महिने गप्प राहिलात, आणि त्या दिवशी पाण्यापाशी आमच्याकडे पाठ फिरवून चालायला लागलात. ते शिक्षण पुरं झालं. आम्हाला चालता येतं. पण ते आम्हाला येतं, एवढ्यावरून आपण पुन्हा पाठ फिरवायची घाई करू नका. अजून पुष्कळ वर्षं दोरीपाशी उभे राहा, आमच्याकडे तोंड करून, आणि जेवढं बोलायचं तेवढं बोला.